संत जियाना बेरेटा मोला : आई, डॉक्टर आणि जीवनाची साक्षीदार



दरवर्षी २८ एप्रिल रोजी ख्रिस्तसभा एका डॉक्टर आईचा सण साजरा करते. संत म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मठातली धर्मभगिनी, रानावनात तप करणारा वैरागी किंवा श्रद्धेसाठी रक्त सांडणारा हुतात्मा उभा राहतो. ही संत मात्र आपल्यासारखीच संसारी होती. ती स्वतः मोटार चालवत दवाखान्यात जात असे. तिला डोंगर चढण्याची आणि बर्फावरून घसरत जाण्याच्या खेळाची आवड होती. ती पियानो वाजवायची, चित्रे काढायची, नवऱ्याबरोबर नाटकाला आणि संगीताच्या कार्यक्रमाला जायची. चांगले कपडे घालणेही तिला आवडे. तीन लहान मुले, नोकरीत गुंतलेला नवरा, रांगेत बसलेले पेशंट आणि सकाळची मिस्सा, हे सारे सांभाळत ती जगली. वयाच्या ३९ व्या वर्षी, पोटातल्या बाळाला जन्म देऊन ती देवाघरी गेली.

पोटातल्या जिवाविषयी ख्रिस्तसभा काय शिकवते, हे आपण प्रवचनांतून ऐकतो. आज ते आम्ही या आईच्या जीवनातून पाहणार आहोत.

तेरा भावंडांतली दहावी

जियानाचा जन्म ४ ऑक्टोबर १९२२ रोजी, संत फ्रान्सिस असिसीकर यांच्या सणाच्या दिवशी, उत्तर इटलीतील मिलान शहराजवळच्या माजेंता या गावी झाला. वडील अल्बेर्तो बेरेटा आणि आई मारिया. दोघेही संत फ्रान्सिसच्या तृतीय संघाचे सदस्य होते आणि दररोज मिस्साबलिदानात सहभागी होत. त्यांना तेरा मुले झाली. जियाना दहावी. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस युरोपभर पसरलेल्या स्पॅनिश फ्लूच्या साथीने या घरावरही घाला घातला. तेरांपैकी आठच मुले मोठी झाली. मूल गमावण्याचे दुःख काय असते आणि प्रत्येक जीव किती मोलाचा असतो, हे या घराला कोणी शिकवायची गरज नव्हती.

१९२५ साली हे कुटुंब बेर्गामो शहरात राहायला गेले. साडेपाच वर्षांची असताना जियानाने प्रथमच ख्रिस्तशरीर स्वीकारले. शाळेत ती फार हुशार होती असे नाही. एका वर्षी इटालियन आणि लॅटिन या विषयांत ती नापास झाली आणि तिला पुन्हा परीक्षेला बसावे लागले. आपल्या घरातही अशी मुले असतात. त्यांच्यासमोर हे उदाहरण ठेवायला हरकत नाही.

१९३७ साली तिची मोठी बहीण अमालिया वारली. त्यानंतर कुटुंब समुद्रकाठच्या जेनोवा शहरात राहायला गेले. जियानाची प्रकृती नाजूक असल्यामुळे तिला एक वर्ष शाळा सोडून घरी राहावे लागले. मार्च १९३८ मध्ये, पंधराव्या वर्षी, तिने एका आध्यात्मिक साधनेत भाग घेतला. तिथे तिने वहीत काही निश्चय लिहून ठेवले. प्रत्येक काम येशूसाठी करायचे आणि पापापासून दूर राहायचे, असा त्यांचा आशय होता. वही लहान होती, पण पुढचे सारे आयुष्य ती या निश्चयांना धरून राहिली.

दवाखाना हेच सेवाक्षेत्र

१९४२ हे वर्ष घरासाठी फार कठीण गेले. एप्रिलमध्ये आई वारली आणि सप्टेंबरमध्ये वडील. दुसरे महायुद्ध चालू होते. सारी भावंडे माजेंताच्या जुन्या घरी परतली. जियानाने आधी मिलान आणि मग पाविया येथे वैद्यकीय शिक्षण घेतले आणि नोव्हेंबर १९४९ मध्ये ती डॉक्टर झाली. शिकत असतानाच ती कॅथॉलिक ॲक्शन या संघटनेत मुलींचे गट चालवत होती आणि संत व्हिन्सेंट दी पॉल सोसायटीतर्फे गरीब व वृद्धांच्या घरी जात होती.

१९५० साली तिने माजेंताजवळच्या मेसेरो गावात दवाखाना उघडला. १९५२ साली तिने बालरोगशास्त्राचे विशेष शिक्षण पूर्ण केले. तिच्याकडे बहुधा आया, लहान मुले, म्हातारी माणसे आणि गरीब लोक येत. ज्यांना परवडत नसे, त्यांच्याकडून ती पैसे घेत नसे. धर्मगुरू वेदीवर ख्रिस्ताच्या शरीराला स्पर्श करतो, तसा डॉक्टर आजाऱ्याच्या शरीरात ख्रिस्ताला स्पर्श करतो, अशी तिची श्रद्धा होती. आपल्या धर्मग्रामातील डॉक्टर आणि नर्स बंधुभगिनींनी हे जरूर मनात ठेवावे.

बेरेटा घराण्याचा आपल्या देशाशीही एक धागा आहे. जियानाची धाकटी बहीण व्हर्जिनिया हीदेखील डॉक्टर. आपल्याला परिचित असलेल्या कनोसा भगिनींच्या संस्थेत ती धर्मभगिनी झाली आणि मिशनरी म्हणून भारतात आली. एक भाऊ, फादर अल्बेर्तो, कापुचिन धर्मगुरू आणि डॉक्टर म्हणून ब्राझीलमधील ग्राझाऊ या मागास भागात सेवा करत होते. आणखी एक भाऊ जुझेप्पे हेही धर्मगुरू होते.

जियानालाही ब्राझीलला जाऊन फादर अल्बेर्तोंना मदत करायची होती. पण तिची प्रकृती तिथले उष्ण हवामान सहन करणार नाही, असे जाणत्यांनी सांगितले. देवाची आपल्याविषयी काय इच्छा आहे, याचा ती बराच काळ शोध घेत राहिली. पुष्कळ प्रार्थना केल्यावर तिला उत्तर सापडले. आपले पाचारण मिशनमध्ये नाही, तर संसारात आहे.

ख्रिस्ती संसार

८ डिसेंबर १९५४ रोजी, निष्कलंक मातेच्या सणाच्या दिवशी, एका नव्या कापुचिन धर्मगुरूंच्या पहिल्या मिस्साबलिदानाच्या निमित्ताने तिची पिएत्रो मोला यांच्याशी ओळख झाली. पिएत्रो इंजिनियर होते आणि माजेंताजवळच्या पोंते नुओवो येथील आगकाड्यांच्या मोठ्या कारखान्यात वरिष्ठ पदावर होते. २४ सप्टेंबर १९५५ रोजी माजेंताच्या संत मार्टिन मंदिरात त्यांचा विवाह झाला. भाऊ फादर जुझेप्पे यांनीच तो लावला. जियाना तेव्हा ३२ वर्षांची होती आणि पिएत्रो ४३ वर्षांचे.

१९५६ साली पिएरलुइजी, १९५७ साली मारियोलिना आणि १९५९ साली लाउरा अशी तीन मुले झाली. पिएत्रोंना कामासाठी वारंवार परदेशी जावे लागे. अशा वेळी ती दोघे एकमेकांना पत्रे लिहीत. त्या पत्रांत मुलांचे दात, सर्दी-खोकला आणि खोड्या यांच्याबरोबरच प्रार्थनाही असे. जियानाने दवाखाना सोडला नाही. पोंते नुओवो येथील माता-बाल केंद्राचे आणि पाळणाघराचे कामही ती पाहत होती. आजच्या नोकरी करणाऱ्या आईची सगळी ओढाताण तिला ठाऊक होती.

तीन मार्ग

१९६१ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, जियानाला पुन्हा दिवस गेले. दुसरा महिना संपत असताना पोटात दुखू लागले. तपासणीत गर्भाशयात मोठी गाठ आढळली. फायब्रॉइड म्हणतात तशी ती गाठ होती. ऑपरेशन करणे भाग होते. डॉक्टरांसमोर तीन मार्ग होते.

पहिला मार्ग, गाठीसह सबंध गर्भाशय काढून टाकणे. यात आईचा जीव सर्वांत सुरक्षित होता, पण बाळ जाणार होते आणि पुढे मूल होण्याची आशाही संपणार होती. दुसरा मार्ग, गर्भपात करून गाठ काढणे. यात आई वाचली असती आणि पुढे तिला मुलेही होऊ शकली असती. तिसरा मार्ग, केवळ गाठ काढणे आणि बाळाला धक्का न लावणे. हा मार्ग आईसाठी सर्वांत धोक्याचा होता, कारण गर्भाशयावर घातलेले टाके पोटातल्या बाळाच्या वाढीबरोबर तुटण्याची भीती होती.

इथे ख्रिस्तसभेची शिकवण नीट समजून घेतली पाहिजे, कारण याबाबत आपल्यामध्ये पुष्कळ गैरसमज आहेत. गर्भधारणेच्या क्षणापासून माणसाचे जीवन सुरू होते. ते निष्पाप आणि निराधार असते. म्हणून त्याचा हेतुपुरस्सर नाश करणे कोणत्याही कारणाने योग्य ठरत नाही. दुसऱ्या मार्गात बाळाला मारणे हेच साधन होते, म्हणून तो मार्ग जियानासाठी मार्गच नव्हता. पहिल्या मार्गाचे तसे नव्हते. आजारी अवयव काढून आईला वाचवणे हा तिथे उद्देश असतो. बाळाचा मृत्यू कोणालाही हवा नसतो, तो उपचारातून टाळता न येणारा दुःखद परिणाम असतो. असा उपचार घेण्याची मुभा ख्रिस्ती नीतिशास्त्र आईला देते. जियानाने तो मार्ग निवडला असता, तर तिला कोणी दोष दिला नसता. ख्रिस्तसभा कोणत्याही आईला मरण्याची आज्ञा करत नाही.

जियाना स्वतः डॉक्टर होती. प्रत्येक मार्गाचा धोका तिला पुरेपूर माहीत होता. तिने तिसरा मार्ग निवडला. ६ सप्टेंबर १९६१ रोजी मोंझा येथील संत जेरार्ड रुग्णालयात ऑपरेशन झाले. त्याआधी तिने सर्जनना बाळाला जपण्याची विनंती केली होती. गाठ निघाली आणि बाळ सुखरूप राहिले.

सात महिने

पुढचे सात महिने तिने कसे काढले असतील? ती घरी परतली, मुलांना सांभाळू लागली, दवाखान्यातही जाऊ लागली. वरून सारे नेहमीसारखेच दिसत होते. पण नवऱ्याच्या लक्षात येत होते की ती घरातले एकेक कपाट आणि एकेक खण आवरून ठेवत आहे, जणू लांबच्या प्रवासाला निघायचे आहे. ते काही विचारत नव्हते आणि तीही काही बोलत नव्हती. बाळंतपण जवळ आल्यावर मात्र तिने त्यांना स्पष्टपणे सांगितले की आपल्यात आणि बाळात निवड करायची वेळ आली, तर त्यांनी बाळाला वाचवावे.

याच काळातली आणखी एक गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. पिएत्रो कामासाठी पॅरिसला निघाले होते. तिने त्यांना तिकडून फॅशनची मासिके आणायला सांगितली. देवाने आपल्याला ठेवले, तर त्यांतले काही छान कपडे शिवून घ्यायचे असा तिचा विचार होता. म्हणजे जियानाला मरायचे नव्हते. तिला जगायचे होते, मुलांना वाढवायचे होते, नवे कपडे घालून नवऱ्याबरोबर फिरायला जायचे होते. बाळही जगावे आणि आपणही जगावे, अशीच तिची प्रार्थना होती. जीवनावर एवढे प्रेम असल्यामुळेच तिला दुसऱ्याचे जीवन हिरावून घेता आले नाही.

२० एप्रिल १९६२ रोजी, उत्तम शुक्रवारी, ती रुग्णालयात दाखल झाली. दुसऱ्या दिवशी, पवित्र शनिवारी सकाळी, सिझेरियन करून मुलीचा जन्म झाला. आईने तिला कुशीत घेतले. पण काही तासांतच ताप चढू लागला आणि पोटात असह्य वेदना सुरू झाल्या. पोटाच्या आतल्या पडद्याला जंतुसंसर्ग झाला होता. औषधांचा उपयोग झाला नाही. जगभर पुनरुत्थानाचा सण साजरा होत असताना ती आठवडाभर आपला क्रूस वाहत होती. या दुखण्यात ती पुन्हा पुन्हा येशूचे नाव घेत राहिली. शेवटी तिच्या इच्छेप्रमाणे तिला पहाटे घरी आणण्यात आले. २८ एप्रिल १९६२ रोजी सकाळी आठ वाजता, जिथे तिने संसार मांडला होता त्याच घरात, तिने प्राण सोडला. शेजारच्या खोलीत मुले होती. मेसेरोच्या दफनभूमीत तिला पुरण्यात आले.

नवजात मुलीला आईचेच नाव मिळाले : जियाना इमॅन्युएला.

मागे राहिलेल्यांचे काय?

जियानाची कथा सांगितली की काही बहिणी हमखास विचारतात : घरात तीन लहान मुले असताना आईने असा धोका पत्करावा का? त्या तिघांचा विचार तिने केला नाही का? हा प्रश्न रास्त आहे. तो झटकून टाकता येणार नाही, कारण मागे राहिलेल्यांचे दुःख खरे होते. सर्वांत मोठा मुलगा तेव्हा साडेपाच वर्षांचा होता. दोन वर्षांनी, १९६४ मध्ये, मारियोलिना सहाव्या वर्षी आजारपणात वारली. पिएत्रोंनी पुन्हा लग्न केले नाही. आजी, मावश्या, काका यांच्या आधाराने त्यांनी मुले वाढवली. आपली पत्नी संत आहे, हे जगासमोर मांडायलाही ते सुरुवातीला तयार नव्हते. त्यांच्या दृष्टीने ती त्यांची जियाना होती, त्यांच्या घराचे खाजगी दुःख होते.

या प्रश्नाचे आम्हांला उमगलेले उत्तर एवढेच आहे. जियानाच्या हिशेबात तीन मुले आणि एक गर्भ असे काही नव्हते. तिला चार मुले होती. चौथे अजून दिसत नव्हते, त्याला नाव नव्हते, त्याच्या बाजूने बोलणारे कोणी नव्हते. त्या चौघांत ज्याला आईवाचून दुसरा कोणताच आधार नव्हता, त्याच्याजवळ ती उभी राहिली. बाकीच्या तिघांना बाप होता, नातलग होते आणि देव होता. घरातले एक मूल आजारी पडले की आई त्याच्याच उशाशी बसते. म्हणून इतर मुलांवरचे तिचे प्रेम कमी होत नाही.

वेदीचा सन्मान

पुढे ख्रिस्तसभेने तिच्या जीवनाची रीतसर चौकशी सुरू केली. १९७७ साली ब्राझीलमधील ग्राझाऊ येथे, म्हणजे जिथे तिला मिशनरी म्हणून जायचे होते आणि जाता आले नाही त्याच ठिकाणी, बाळंतपणानंतर अत्यवस्थ झालेली एक स्त्री तिच्या मध्यस्थीने बरी झाली. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २४ एप्रिल १९९४ रोजी, आंतरराष्ट्रीय कुटुंब वर्षात, तिला धन्य घोषित केले. २००० साली ब्राझीलमध्येच आणखी एका मातेच्या बाबतीत चमत्कार घडला. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांतच गर्भाभोवतीचे सगळे पाणी निघून गेले होते, तरीही बाळ वाढत राहिले आणि सुखरूप जन्मले. त्यानंतर १६ मे २००४ रोजी पोपमहोदयांनी तिला संतपद बहाल केले. त्यांच्या हस्ते झालेला संतपद घोषणेचा तो शेवटचा सोहळा ठरला.

त्या दिवशी रोममधील संत पेत्राच्या चौकात ९१ वर्षांचे पिएत्रो आपल्या मुलांसह बसले होते. पत्नीला संत म्हणून घोषित होताना पाहण्याचे भाग्य किती पुरुषांना मिळाले असेल? आणि त्यांच्याबरोबर जियाना इमॅन्युएलाही होती, जिच्यासाठी हे सारे घडले ती मुलगी. तीही आईसारखी डॉक्टर झाली आणि तिने वृद्धांच्या सेवेला वाहून घेतले. १९९७ साली रिओ दी जानेरो येथे भरलेल्या जागतिक कुटुंब मेळाव्यात तिने आपल्या आईविषयी साक्ष दिली. वडिलांच्या म्हातारपणी तिने त्यांची सेवा केली. पिएत्रो ३ एप्रिल २०१० रोजी, वयाच्या ९७ व्या वर्षी वारले. तो दिवसही पवित्र शनिवारच होता.

आपल्यासाठी बोध

आपल्या देशात १९७१ च्या कायद्याने ठरावीक अटींवर गर्भपाताला परवानगी दिली. २०२१ च्या दुरुस्तीने काही स्त्रियांसाठी ही मुदत २४ आठवड्यांपर्यंत वाढवली. कायदा परवानगी देतो, म्हणून विवेकबुद्धीचा प्रश्न सुटतो असे नाही. लिंगनिदानाला १९९४ च्या कायद्याने बंदी आहे, तरीही २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शून्य ते सहा वर्षे वयाच्या दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली आढळल्या. दहा वर्षांपूर्वी हा आकडा ९१३ होता. या आकड्यांमागे कोणाच्या तरी घरातले निर्णय आहेत.

म्हणून आपण स्वतःलाच विचारू या. आपल्या घरातली सून तिसऱ्यांदा गरोदर राहिली, तर आपण तिचे अभिनंदन करतो की कपाळाला आठी घालतो? लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलीला आपण आधार देतो की तिच्या बदनामीची चर्चा करतो? तपासणीत बाळात दोष आढळला, तर त्या आईवडिलांच्या बरोबर कोण चालते? पोटातल्या बाळाचे रक्षण करा असे सांगायचे आणि त्या आईला एकटीला सोडायचे, हे ख्रिस्ती वागणे नाही. गरोदरपणात काही त्रास झाला, तर घरच्यांनी तिला ताबडतोब डॉक्टरांकडे नेले पाहिजे. आईची काळजी घेणे हादेखील जीवनाचा सन्मानच आहे.

आणि ज्या बहिणीने कधीकाळी भीतीपोटी, दडपणाखाली किंवा एकटेपणात गर्भपात करून घेतला असेल, तिला आम्ही प्रेमाने सांगू इच्छितो : तुमच्यासाठी दार बंद नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९५ च्या आपल्या परिपत्रकात अशा स्त्रियांना आशा सोडू नका असे आवर्जून सांगितले. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली सर्व धर्मगुरूंना या पापाची क्षमा देण्याचा अधिकार कायमचा दिला. प्रायश्चित्त संस्कारात देव वाट पाहत असतो. आणि ज्या पुरुषांनी असा निर्णय लादला, त्यांनाही त्याच दारातून आत यायचे आहे.

पवित्र मरिया एलिझाबेथच्या भेटीला गेली, तेव्हा येशूला सर्वांत आधी ओळखले ते आईच्या उदरातल्या योहानाने. दोन्ही बाळे अजून जन्मायची होती, तरी त्यांची भेट झाली होती. हीच श्रद्धा संत जियाना जगली.

या रविवारी मिस्साबलिदानानंतर आपल्या धर्मग्रामातील सर्व गरोदर भगिनींसाठी, मूल व्हावे म्हणून देवाकडे डोळे लावून बसलेल्या जोडप्यांसाठी आणि बाळ गमावलेल्या आईवडिलांसाठी एक नमो मरिया अवश्य म्हणू या.

संत जियाना, आमच्या आयांसाठी, आमच्या डॉक्टरांसाठी आणि अजून न जन्मलेल्या आमच्या बाळांसाठी विनंती कर. आमेन.